जाळी वाकली, कंत्राटदार म्हणतो ट्रक जड होता

प्रश्न : गोदामाच्या आवारातल्या पाण्याच्या चरावर कंत्राटदाराने लोखंडी जाळ्या बसवल्या. करारात ‘हेवी ड्यूटी जाळी’ एवढेच लिहिले आहे. चार महिन्यांत दोन जाळ्या ट्रकखाली वाकल्या. तो म्हणतो, तुमचे ट्रक जादा भरलेले होते, आधी राहिलेले बिल द्या. काम ताब्यात घेतल्याच्या कागदावर माझी सही आहे. बिल अडवू का?

उत्तर : अडवा, पण सगळे नाही. जाळ्या बदलायला जेवढे लागेल तेवढेच. चांगल्या झालेल्या कामाचे पैसे दाबून ठेवलेत, तर उद्या करारभंग तुमच्याच अंगाशी येईल. सहीची फार धास्ती नको. ताबा घेताना जाळी सरळ दिसते, तिची ताकद दिसत नाही. अशा लपलेल्या दोषाची तक्रार सहीनंतरही करता येते, मात्र करारातली दोष-दुरुस्तीची मुदत आजच वाचा.

वाकलेल्या जाळ्या भंगारात घालू नका. तोच तुमचा पुरावा. त्यांच्यावर आणि चौकटीवर मानकाचा क्रमांक (ईएन म्हणजे युरोपीय मानक; चराच्या जाळीला बहुधा ईएन १४३३, चेंबरच्या झाकणाला ईएन १२४), उत्पादकाची खूण आणि भारवर्ग, म्हणजे जाळी किती भार पेलते त्याची श्रेणी, शोधा. बी १२५ या वर्गाची चाचणी १२५ किलोन्यूटनला होते, म्हणजे साधारण साडेबारा टनांना. हा वर्ग पदपथ आणि मोटारींच्या पार्किंगसाठी. जड वाहनांच्या रस्त्याला डी ४०० लागतो, सुमारे ४० टन. या ईएन मानकांत ‘हेवी ड्यूटी’ नावाचा वर्गच नाही. तुमची कच्ची बाजू हीच. पण नकाशात किंवा पत्रव्यवहारात ट्रकची ये-जा दाखवलेली असेल, तर जाळी कशासाठी हवी हे त्याला ठाऊक होते, असे म्हणता येते.

जादा मालाचा बचावही तपासून घ्या. ट्रकचे सगळे वजन एका जाळीवर कधीच येत नाही, चाकापुरते येते. खरी डी ४०० नीट बसवली असती तर ती सहसा वाकली नसती. चौकटीखाली पोकळी राहिली असेल तर चांगली जाळीही दगा देते, आणि चौकट त्यानेच बसवली आहे. (फोर्कलिफ्ट चालते का? तिच्या छोट्या भरीव चाकांचा भार अगदी थोड्या जागेवर येतो, तिथे डी ४०० सुद्धा अपुरी पडू शकते.)

आता लेखी नोटीस द्या. वर्ग, चाचणी प्रमाणपत्र आणि डिलिव्हरी चलान मागा, आणि संयुक्त पाहणीची तारीख कळवा. प्रमाणपत्र आले की त्यावरचे मॉडेल आणि जाळीवरची खूण जुळवून पाहा. कागद एका जाळीचा, माल दुसऱ्याच जाळीचा, हे मी पाहिले आहे. मात्र नकाशात तुमच्याच अभियंत्याने बी १२५ लिहिले असेल, तर भांडण कंत्राटदाराशी नाही, त्या अभियंत्याशी आहे.

तोवर ती जागा बंद करा. दोष कळल्यानंतर कुणी तिथे जखमी झाले, तर जबाबदारी आधी तुमच्यावर येईल. तातडीने जाळ्या बदलाव्याच लागल्या तर आधी फोटो काढा, कंत्राटदाराला कळवा आणि नव्या जाळ्यांचे बिल जपून ठेवा. किती रक्कम अडवायची ते त्यावरून ठरेल.