मुलगी सज्ञान आहे, म्हणून गुन्हा नाही?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका भावाने लिहिलंय: 19 वर्षांच्या बहिणीचं लग्न ओळखीच्या बाईने राजस्थानात जुळवलं. वडिलांच्या फोनपेवर 60 हजार आले, पाचशेच्या स्टँपवर त्यांचा अंगठा घेतला. पाच महिने झाले, तिचा फोन बंद. ठाण्यात नुसती 'मिसिंग' लिहिली; म्हणतात, पोरगी सज्ञान आहे, मर्जीनं गेली.

भाऊ, सोयाबीन मातीमोल भावात गेलं की अशी पत्रं मला हमखास येतात. आणि प्रत्येकात ठाणेदाराचं उत्तर हेच असतं.

ते उत्तर चूक आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम 143 नीट वाचा. शोषणासाठी माणसाला नेताना फसवलं, किंवा त्याच्यावर ताबा असलेल्याला पैसे देऊन होकार मिळवला, तर ती मानवी तस्करी. पीडितेची स्वतःची संमती त्यात गैरलागू, हे स्पष्टीकरणातच लिहिलंय. म्हणजे तो स्टँप त्या बाईची ढाल नाही, तिच्याविरुद्धचा पुरावा आहे. फोनपेचा मेसेज पुसू नका. वडिलांचा मोबाइल आहे तसा ठेवा.

नुसतं लग्न लावून देणं शोषण ठरेल का, यावर कोर्टात वाद होईल. वडिलांना आरोपी करतील का, हेही आज छातीठोकपणे सांगता येत नाही. पण रिपोर्टमधून पैशांची गोष्ट लपवली, तर बँकेचा उतारा ती सांगेलच, आणि मग तुमच्या बाकीच्या शब्दांवर कोण विश्वास ठेवणार?

पाच महिने थांबलात, याचा मला राग आहे. सोयरे काय म्हणतील म्हणून थांबलात ना? तितके दिवस ती एकटी आहे.

'मिसिंग' पुरेशी नाही. तेवढ्यावर तिथल्या ठाण्यात सासरच्यांसमोर तिला विचारतील आणि ती 'खुशीत आहे' म्हणेल. 143 खाली एफआयआर झाला, तर तिला सोडवून मॅजिस्ट्रेटसमोर तिचा जबाब घ्यायला लावता येतो. गुन्हा बाहेर घडला ही सबब चालत नाही. हद्द नसली तरी एफआयआर घ्यावाच लागतो. 143 ची खबर नोंदवली नाही, तर कलम 199 खाली त्या अधिकाऱ्यालाच किमान सहा महिन्यांची सक्तमजुरी आहे. अर्जात हे कलम लिहा.

तरी नकार मिळाला, तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. मॅजिस्ट्रेटकडे जायचं, तर आधी ठाणं आणि अधीक्षक दोन्ही झाल्याचं शपथपत्रावर दाखवावं लागतं. ती पावती नसली की नुसत्या तारखा पडतात. अर्ज आज रात्रीच लिहा.