दर वर्षी सुटणारे सूर्यनमस्कार

प्रश्न : वय 44, बँकेत बैठं काम. दर वर्षी रथसप्तमीला सूर्यनमस्कार सुरू करतो, पहिल्याच दिवशी 25 घालतो आणि आठवड्याभरात ते सुटतात. यंदा उपाशीपोटीची साखर 112 आली आहे. व्यायाम टिकवू कसा?

उत्तर : पहिल्या दिवसाचा आकडाच तुम्हाला नडतो. सवय नसलेल्या स्नायूंवर एकदम भार पडला की दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं. मांड्या धरतात, जिना उतरवत नाही, मग खंड पडतो. म्हणून पहिला आठवडा रोज तीनच घाला, अंग हलकं वाटलं तरी तीनच. पुढे दर आठवड्याला दोन वाढवत बारापर्यंत न्या. पुढे वाकताना गुडघे ताठ ठेवायचा अट्टहास केला तर ताण कमरेवर येतो, ते थोडे वाकू द्या. तळवे खांद्यांच्या रेषेत आणि बोटं पसरलेली हवीत, नाहीतर मनगटं दुखतात. रक्तदाब मात्र आधी तपासून घ्या.

मूड येण्याची वाट पाहू नका. दात घासून झाले की सतरंजी अंथरायची, एवढंच ठरवा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या एका अभ्यासात नवी गोष्ट अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागले, कुणाला 18, तर कुणाला त्याहून कितीतरी जास्त. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हे त्यातलं सगळ्यात दिलासा देणारं. चुकलेले नमस्कार दुसऱ्या दिवशी भरून काढू नका.

साखरेसाठी रात्री जेवण झालं की 15 मिनिटं चाला. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर थेट ओढून घेतात, त्यासाठी त्यांना इन्सुलिनवर फारसं अवलंबून राहावं लागत नाही. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतका वेग पुरे. पाऊस असेल तर इमारतीच्या पार्किंगमध्ये चाला. रात्रीची ही 15 आणि सकाळच्या बारा नमस्कारांची सात-आठ मिनिटं धरली, की जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली आठवड्याची किमान 150 मिनिटं भरतात.

वजनकाट्यावर रोज उभे राहू नका. महिनाभर आकडा हलणार नाही आणि तिथेच बरेच जण सोडून देतात. झोप कशी लागते, जिना चढताना धाप किती लागते, हे बघा. फरक तिथे आधी कळतो. कंबर महिन्यातून एकदा बेंबीपाशी मोजा. छातीत दाब जाणवला किंवा चक्कर आली तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ताची तपासणी, तीन महिन्यांनी करा, त्याआधी त्यात पूर्ण फरक दिसत नाही.