लंडनच्या ‘इन’मध्ये, म्हणजे बॅरिस्टरांच्या संस्थांमध्ये, बॅरिस्टर होऊ पाहणाऱ्यांकडून वादविवादाचा सराव कसा करून घेतात? वक्तृत्व स्पर्धांचा अनुभव तिथे उपयोगी पडतो का?

तुम्ही लिहिलंय की लॉच्या चौथ्या वर्षाला आहात, शाळेपासून वक्तृत्वाच्या ढाली जिंकत आलात, आणि आता लंडनला जाऊन बॅरिस्टर व्हायचंय. मी काही वर्षांपूर्वी याच वाटेने गेलो. ढाली माझ्याकडेही होत्या, आईने अजून शोकेसमध्ये ठेवल्यात. त्यामुळे वाईट बातमी आधी सांगतो: पहिले काही महिने त्या ढालींनी माझं नुकसानच केलं.

आधी रचना थोडक्यात. लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल आणि ग्रेज इन अशा चार संस्था आहेत. इंग्लंड-वेल्समध्ये बॅरिस्टर म्हणून ‘कॉल’ करण्याचा, म्हणजे बॅरिस्टर ही पदवी देण्याचा, अधिकार फक्त त्यांना. बॅरिस्टर होण्यासाठीचा अभ्यासक्रम, म्हणजे बार कोर्स, वेगळ्या शिक्षणसंस्थेत करायचा, पण कोणत्या तरी एका इनचं सभासदत्व हवंच. बाबासाहेबांनी १९१६ साली प्रवेश घेतला तो ग्रेज इनमध्ये. गांधीजी इनर टेंपलचे.

गांधीजींच्या काळात इनमध्ये मुख्यतः जेवायला जायचं असे. दर टर्मला ठरावीक जेवणं हजेरीसाठी सक्तीची, चौघांच्या टेबलामागे वाइनच्या दोन बाटल्या. गांधीजी पीत नसल्यामुळे आपल्या टेबलावर ते असावेत म्हणून इतरांची चढाओढ चाले. ते १८९१च्या जूनमध्ये बॅरिस्टर झाले, मुंबईला परतले आणि स्मॉल कॉजेस कोर्टात पहिल्या खटल्याला उभे राहिले. प्रतिवादीकडून होते, म्हणजे वादीच्या साक्षीदारांची उलटतपासणी घ्यायची होती. डोकं गरगरलं, एकही प्रश्न सुचेना, खाली बसले. ३० रुपये फी परत केली आणि ५१ रुपयांवर दुसरा वकील द्यायला लावला. हे सगळं त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. एवढी जेवणं झाली, पण उभं राहून प्रश्न विचारायला कुणी शिकवलंच नव्हतं.

गंमत म्हणजे मध्ययुगात हेच इन सरावाचे आखाडे होते. हॉलमध्येच काल्पनिक खटले, म्हणजे ‘मूट’, चालत. सतराव्या शतकात ती प्रथा मोडली आणि मागे जेवणं उरली. आता चक्र पुन्हा फिरलंय. कॉलपूर्वी ‘क्वालिफाइंग सेशन’ नावाचे ठरावीक कार्यक्रम पुरे करावे लागतात. त्यातल्या काहींत जेवण असतं (शाकाहारी मिळतं, काळजी नको), पण सोबत व्याख्यान, मूट किंवा सराव असतो. काही शनिवार-रविवार विंडसरच्या कंबरलँड लॉजमध्ये मुक्कामी नेतात. दिवसभर न्यायाधीश आणि ज्येष्ठ बॅरिस्टर तुमचं कातडं सोलतात आणि रात्री तुमच्याच शेजारी बसून जेवतात.

आता मूट. हा खटला नव्हे, अपील असतं. वस्तुस्थिती ठरलेली, त्यावर वाद नाही; भांडायचं ते फक्त कायद्याच्या मुद्द्यावर. दोन्ही बाजूंना एक सीनियर, एक ज्युनियर. बाजू तुम्ही निवडत नाही. युक्तिवादाचा लेखी सांगाडा आधीच समोरच्याला द्यायचा. आणि आपल्या विरुद्ध जाणारा निवाडा सापडला, समोरच्याला सापडला नसला तरी, तो कोर्टापुढे आपणच ठेवायचा. हे ऐकून मला पहिल्यांदा धक्का बसला होता. आपल्याकडच्या स्पर्धेत अशी गोष्ट कोण मुद्दाम सांगेल?

माझ्या पहिल्या मूटला मी बारा मिनिटांचं भाषण घोटून गेलो होतो. सुरुवातीला एक सुंदर वाक्य होतं, ते बोललो. दुसऱ्या वाक्याला न्यायाधीश म्हणाले, “तुमच्याच निवाड्याच्या चौथ्या परिच्छेदात उलट म्हटलंय. त्याचं काय?” मी हसून म्हणालो, त्याकडे मी पुढे येणारच आहे. ते म्हणाले, “मी आत्ता तिथे आहे. तुम्हीही या.” संपलं. पाठ केलेल्या भाषणाची साखळी एकदा तुटली की कडी सापडत नाही. वक्तृत्वात परीक्षक गप्प बसतो आणि वेळ संपली की घंटा वाजवतो. मूटमध्ये परीक्षकच तुमचं भाषण चालवतो. तो विचारेल त्याचं उत्तर तिथल्या तिथे, आधी हो किंवा नाही, मग कारण. आणि “मला वाटतं” म्हणायचं नाही. तुम्हाला काय वाटतं यात कोर्टाला रस नसतो. “माझं म्हणणं असं आहे,” एवढंच.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते उलटतपासणीच्या सरावाने. जॉर्ज हॅम्पेल नावाच्या ऑस्ट्रेलियन न्यायाधीशांच्या नावाने ओळखली जाणारी एक पद्धत तिथे वापरतात. तुम्ही पाच-सात मिनिटं काम करता, शिक्षक तुमचे शब्द जसेच्या तसे टिपून घेतो. मग दहा चुका झाल्या असल्या तरी एकच निवडतो. तिला नाव देतो, तुमचेच शब्द वाचून दाखवतो, ती चूक का ते सांगतो, उपाय सांगतो, स्वतः करून दाखवतो आणि तुम्हाला तेवढाच भाग पुन्हा करायला लावतो. वर व्हिडिओही काढलेला असतो. शेजारच्या खोलीत दुसरा शिक्षक तो दाखवतो. मी दर प्रश्नाआधी “ओके” म्हणतो, हे मला तिथे कळलं.

माझी चूक अशी होती. साक्षीदाराने रात्री चोराला ओळखल्याचं सांगितलं होतं. मी विचारलं, “अंधार होता, तुम्ही रस्त्याच्या पलीकडे होता, चष्माही नव्हता, मग ओळखलंत कसं?” प्रश्न टाकून मी खूश! साक्षीदार झालेली मुलगी म्हणाली, “त्याची चाल ओळखीची आहे, तीन वर्षं तो आमच्याच गल्लीत राहतो.” खेळ खलास. शिक्षकाने माझं वाक्य वाचून दाखवलं आणि म्हणाला, यात चार प्रश्न आहेत. पहिले तीन तुझे, चौथा तू तिला भेट दिलास. मग करून दाखवलं. रात्रीचे अकरा वाजले होते? हो. रस्त्यावरचा दिवा बंद होता? हो. तुम्ही पलीकडच्या फुटपाथवर होता? हो. चष्मा घरी होता? हो. आणि खाली बसला. ‘कसं’ विचारलंच नाही; ते शेवटच्या युक्तिवादात स्वतः सांगायचं. एका प्रश्नात एकच गोष्ट, आणि तीही सूचक प्रश्नाच्या रूपात, म्हणजे उत्तर प्रश्नातच सुचवायचं. सरतपासणीत, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला प्रश्न विचारताना, याच्या बरोबर उलट: तिथे सूचक प्रश्न चालत नाही, साक्षीदाराला बोलू द्यायचं.

डिबेट हा वेगळा प्रकार. ब्रिटिश पार्लमेंटरी पद्धतीत दोघांचे चार संघ, प्रत्येक वक्त्याला सात मिनिटं, आणि विषय हातात येतो फक्त पंधरा मिनिटं आधी. तत्काळ विचार करायची सवय यातून लागते, भीड चेपते. पण डिबेटवाले फार भरभर बोलतात. कोर्टात न्यायाधीशाचं पेन चालू असेपर्यंत थांबायचं असतं. माझ्या मते तुमच्यासारख्याने डिबेट थोडं आणि मूट भरपूर करावं.

इथे राहून काय कराल? आपल्या बार कौन्सिलच्या अभ्यासक्रमात वर्षाला तीन मूट आहेतच, प्रत्येकी १० गुणांचे. बहुतेक कॉलेजांत ते उरकले जातात. तुम्ही उरकू नका. जेसप या आंतरराष्ट्रीय कायद्यावरच्या मूट स्पर्धेच्या संघात घेत असतील तर जा. जिल्हा न्यायालयात मागच्या बाकावर बसून उलटतपासण्या ऐका, चांगल्या आणि रटाळ दोन्ही. इनच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच बंद होतात, म्हणजे कोर्सच्या जवळजवळ वर्षभर आधी, हे आताच कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि कॉल मिळाला म्हणून तिथे वकिली करता येत नाही. त्यासाठी वर्षभराची प्युपिलेज, म्हणजे बॅरिस्टरच्या हाताखालची उमेदवारी, लागते आणि ती मिळणं सगळ्यात अवघड. भारतात १९६१च्या ॲडव्होकेट्स ॲक्टपासून सगळे ॲडव्होकेटच, तेव्हा नावामागे बॅरिस्टर लागल्याने इथे वेगळा हक्क मिळत नाही, हेही घरच्यांना सांगून ठेवा.

आजपासून करता येईल असं एक. कोणताही निकाल घ्या, हरलेल्या बाजूने दहा मिनिटं बोला, आणि समोर असा मित्र बसवा जो तुम्हाला एकही वाक्य पुरं करू देणार नाही. माझ्यासाठी हे काम धाकट्या बहिणीने केलं. कायद्याचं तिला काही कळत नाही, पण मध्ये तोंड घालण्यात तिचा हात कुणी धरत नाही.