तांबेऱ्याच्या मागे लागलेल्या लेकीचं काय करायचं?

नमस्कार,

निफाड तालुक्यातून आलेलं तुमचं पत्र वाचलं. लेक बारावी सायन्सला आहे. 'कालपर्यंत टिकणारी गव्हाची जात आज तांबेऱ्याला बळी का पडते', हेच शिकायचं म्हणून ती हटून बसली आहे, आणि पाहुणे म्हणतात बी.फार्म कर. तुमचा प्रश्न एका ओळीचा, यात पोट भरेल का?

भरेल, पण सावकाश. त्याआधी मुलीचा प्रश्न घेऊ, कारण तो तुमच्या प्रश्नापेक्षा मोठा आहे.

तांबेरा हा गव्हावरचा बुरशीचा रोग. तो आलेल्या पानावरून बोट फिरवलं की नारिंगी पूड बोटाला लागते. शेजारच्या प्रतिकारक जातीच्या पानावर पूड नसते, नुसता टाचणीच्या टोकाएवढा फिकट ठिपका असतो. बुरशी आत शिरताच झाडाने तिच्याभोवतीच्या आपल्याच पेशी मारून टाकल्या, त्याची ती खूण. जिवंत पेशीशिवाय ही बुरशी जगत नाही. तिला ओळखणारा पहारेकरी म्हणजे प्रतिकारक जनुक. झाडात अशी जनुकं शेकड्यांनी असतात, बरीचशी गुणसूत्रावर शेजारी शेजारी. एकाच्या नकला होतात, नकलांमध्ये बदल होतात, आणि सगळ्यात जास्त बदलतो तो शत्रू ओळखणारा भाग. अमेरिकेत हॅरोल्ड फ्लोर यांनी १९४०च्या दशकात जवसाच्या तांबेऱ्यावर काम करून दाखवलं की झाडातल्या एकेका प्रतिकारक जनुकाला बुरशीतही एकेक जोडीदार जनुक असतं. बुरशीने ते बदललं की पहारेकरी तिला ओळखतच नाही.

रानात प्रत्येक झाडाचा पहारेकरी वेगळा, त्यामुळे बुरशीचा जम बसत नाही. आपण मात्र हजारो एकरांवर एकच जात पेरतो, म्हणजे सगळ्या घरांना एकच कुलूप. राय या धान्यातून गव्हात आणलेलं एसआर ३१ हे जनुक जगभरच्या जातींत घातलं गेलं, आणि १९९८ मध्ये युगांडात त्याला न जुमानणारा खोडावरचा तांबेरा सापडला. त्याचं नाव यूजी ९९. म्हणून आता एकाच जातीत दोन-तीन जनुकं एकत्र घालतात. एलआर ३४ सारखी काही जनुकं रोग पूर्ण थांबवत नाहीत, त्याचा वेग कमी करतात, आणि तीच पिढ्यान्‌पिढ्या टिकली आहेत.

एक गंमत मुलीला नक्की सांगा. तांबेऱ्याचे प्रकार ओळखायला अमेरिकेत स्टॅकमन आणि लेव्हिन यांनी १९२२ मध्ये गव्हाच्या बारा जातींचा संच ठरवला, त्यात आपला खपली गहू होता. खपलीतलं एसआर १३ हे जनुक यूजी ९९ ला रोखतं, आणि ते नेमकं कोणतं हे २०१७ मध्ये उलगडलं. आपण खपलीची खीर खातो आणि विसरतो.

आता पोटाचं. बीएस्सी अ‍ॅग्री चार वर्षं, प्रवेश सीईटीतून. राहुरी, अकोला, परभणी, दापोली, कुठलंही विद्यापीठ चालेल. खरी निवड एमएस्सीला, वनस्पती रोगशास्त्र की पैदासशास्त्र, म्हणजे नव्या जाती तयार करण्याचं शास्त्र. हिचा प्रश्न ऐकून मी पैदासशास्त्र म्हणेन. पुढे पीएचडी आणि नेट. म्हणजे स्थिर पगार हाती यायला पंचविशी सहज ओलांडते. एवढं थांबायची घरची तयारी नसेल तर आत्ताच सांगा, एमएस्सीच्या मध्यात नको.

गव्हाचं काम बहुतेक सरकारी. बी घरचंच ठेवता येतं, म्हणून खासगी कंपन्यांना त्यात फारसा रस नाही. कंपन्यांच्या नोकऱ्या भाजीपाल्यात. जालन्याकडे बियाण्यांच्या कंपन्या भरपूर आहेत. टोमॅटोच्या पानं आकसणाऱ्या विषाणूला रोखणारं टीवाय १ हे जनुक दक्षिण अमेरिकेतल्या रानटी टोमॅटोतून आलं आहे. असं जनुक रोपात आलं की नाही, हे पानाच्या तुकड्यावरून प्रयोगशाळेत तपासणारी माणसं या कंपन्यांना लागतात. संगणकावर जनुकक्रम वाचता आला तर मागणी आणखी. पण नुसत्या संगणकावर भागत नाही. भर उन्हात वाफ्यातून चालत एकेका ओळीपुढे '५ एमआर', '६० एस' असं लिहावं लागतं. पहिला आकडा रोगाच्या टक्क्यांचा, पुढची अक्षरं झाडाने कशी दाद दिली त्याची: एमआर म्हणजे मध्यम प्रतिकारक, एस म्हणजे रोगाला बळी पडणारं. दिवसभर हे करून कंटाळा येतो की नाही, हीच हिची परीक्षा.

ती घ्यायला सीईटीची वाट बघू नका. गव्हाचं संशोधन केंद्र तुमच्या निफाडातच आहे. गहू ओंबीवर आला की तिथे विनंती करून दिवसभर तिला वाफ्यांत फिरू द्या. गव्हाच्या तांबेऱ्याचं केंद्र महाबळेश्वरलाही आहे, स्ट्रॉबेरी खाऊन परतणाऱ्यांना ते ठाऊक नसतं. आणि यंदा बांधाकडेला दोन ओळी खपली, दोन ओळी तुमची नेहमीची जात पेरा. दर आठवड्याला पानं मोजून वहीत लिहायचं काम तिचं. मार्चमध्ये ती वही घेऊन मला भेटा, बी.फार्मचं तेव्हा बोलू.