सॉफ्ट कोरल झपाट्याने वाढली म्हणजे टाकीतले पाणी सुधारले, असे समजावे का?

तुमच्या 200 लिटरच्या रीफ टाकीत, म्हणजे समुद्री प्रवाळांच्या मत्स्यालयात, झेनिया आणि ग्रीन स्टार पॉलिप या सॉफ्ट कोरलनी (मऊ प्रवाळांनी) वर्षभरात जवळजवळ सगळे दगड व्यापले आहेत, चाचणीत नायट्रेट शून्य दिसते, आणि तरीही शेजारची दगडी प्रवाळे आक्रसलेली आहेत. मग पाणी चांगले झाले की वाईट, असा तुमचा प्रश्न आहे. जवळपास याच आकाराची टाकी मी पुण्यात नऊ वर्षे सांभाळत आहे आणि याच अवस्थेतून गेलो आहे. माझ्या मते तुमच्या पाण्यातून नायट्रेट गेले आहे, टाकीतून मात्र गेलेले नाही.

झेनिया घन अन्न जवळजवळ खात नाही. तिच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाले प्रकाशावर साखर तयार करतात, आणि वाढीसाठी लागणारा नायट्रोजन व फॉस्फरस ती पाण्यात विरघळलेल्या अमोनियम, नायट्रेट आणि फॉस्फेट यांतून घेते. माशांना घातलेल्या खाद्यातून रोज येणारा नायट्रोजन अशा रीतीने तिच्या मांसल शरीरात साठत जातो. 200 लिटर पाण्यात लिटरमागे 10 मिलिग्रॅम नायट्रेट असेल, तर एकूण नायट्रेट 2 ग्रॅम आणि त्यातला नायट्रोजन सुमारे 0.45 ग्रॅम होतो. प्रथिनांत नायट्रोजन साधारण 16 टक्के असतो, म्हणजे जेमतेम 3 ग्रॅम प्रथिने तयार झाली की तेवढे नायट्रेट पाण्यातून नाहीसे होते. टाकीभर पसरलेल्या कोरलच्या मानाने हे काहीच नाही.

धोका उलट्या दिशेने आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात दिवसभर वीज नव्हती आणि पाणी 31 अंशांवर गेले. दुसऱ्या सकाळी झेनियाचा अर्धा ताटवा अक्षरशः विरघळून गेला होता. वर सांगितलेला 0.45 ग्रॅम नायट्रोजन अमोनियाच्या रूपात एकदम परत आला, तर त्याचे प्रमाण लिटरमागे 2 मिलिग्रॅमच्या वर जाते, आणि समुद्री टाकीचा पीएच 8च्या वर असल्याने तो अमोनिया गोड्या पाण्यातल्यापेक्षा अधिक घातक ठरतो. शिवाय कुजणारे मांस प्राणवायू खाते, तोही पंप बंद असताना. त्या आठवड्यात माझे तीन मासे गेले. त्या कोरलची वेळेवर छाटणी केली असती तर ते वाचले असते, याची खंत मला अजूनही आहे.

दगडी प्रवाळे आक्रसण्याचे कारण बहुधा वेगळे आहे. सॉफ्ट कोरलना कठीण सांगाडा नसतो, त्यामुळे त्यांतल्या अनेक जाती रसायनांनी आपले रक्षण करतात. संशोधक जॉन कोल, पॉल सामार्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980च्या दशकात ग्रेट बॅरिअर रीफच्या परिसरात केलेल्या अभ्यासांतून असे दिसले की, काही सॉफ्ट कोरल टर्पीन वर्गातली संयुगे पाण्यात सोडतात आणि त्यांच्यामुळे शेजारच्या दगडी प्रवाळांची वाढ खुंटते. समुद्रात ही द्रव्ये लाटांबरोबर वाहून जातात. टाकीत ती साठतात. तुमच्याकडे सिन्युलेरिया किंवा लेदर कोरल ही सॉफ्ट कोरलही असतील तर हा संशय अधिक धरावा, विशेषतः लेदर कोरल कात टाकत असताना. नायट्रेटच्या चाचणीत यातले काहीही दिसत नाही. यावर उपाय ॲक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे अशी द्रव्ये शोषून घेणारा कोळसा. तुमच्या टाकीला अर्धी वाटी पुरे, आणि तो तीन-चार आठवड्यांनी बदलावा. मात्र सुरुवात थोड्या प्रमाणाने करावी, कारण पाण्यातली पिवळसर झाक एकाएकी गेली की प्रकाश वाढून कोरलना इजा होते.

शून्य नायट्रेट हेही दगडी प्रवाळांना मानवत नाही. त्यासोबत फॉस्फेटही शून्याला टेकले, तर डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय सूक्ष्मजीवांचा बुडबुड्यांनी भरलेला तपकिरी चिकट थर वाळूवर येण्याची भीती असते. मी लिटरमागे नायट्रेट 5 ते 10 आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 मिलिग्रॅम राखतो. क्षारता आणि कॅल्शियम सॉफ्ट कोरल फारसे वापरत नाहीत, तेव्हा त्यांच्यासाठी ती चिंता नको; दगडी प्रवाळांना मात्र ती दोन्ही लागतात.

त्यामुळे छाटणी हाच खरा मार्ग आहे. दर महिन्याला मी झेनियाचे काही देठ कापून काढतो आणि ग्रीन स्टार पॉलिपची जांभळी चटई दगडावरून सोलतो. कापलेल्या भागातून चिकट द्रव सुटतो, म्हणून हे काम दगड टाकीबाहेर बादलीत घेऊन करतो आणि त्याच दिवशी दहा टक्के पाणी बदलतो. पोषकद्रव्ये टाकीतून खरोखर बाहेर जातात ती या छाटणीच्या वेळी. एकदम निम्मे कोरल काढू नका, नाहीतर शोषणारे कोरल कमी झाल्याने नायट्रेट पुन्हा पाण्यात चढू लागेल.

काढलेले तुकडे दुसऱ्या मत्स्यालयधारकाला द्यावेत, नाहीतर गोड्या पाण्यात दोन दिवस बुडवून मारावेत आणि वाळवून कचऱ्यात टाकावेत. समुद्रात किंवा खाडीत ते कधीही सोडू नयेत. व्हेनेझुएलाच्या मोचिमा परिसरात झेनियाच्याच कुळातले, हिंदी-प्रशांत महासागरातून आलेले उनोमिया स्टोलोनिफेरा पसरले आहे. ते मत्स्यालयांच्या व्यापारातून तिथे पोहोचल्याचे मानले जाते, आणि तिथली मूळची प्रवाळे त्याच्या थराखाली गुदमरून मरत आहेत.