लेकीला न्यूरोसर्जरी शिकवायचीय म्हणे: किती वर्षं, आणि त्यात नेमकं काय असतं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लातूरची लेक, इंटर्नशिप चालू, न्यूरोसर्जन, म्हणजे मेंदू-मणक्याची ऑपरेशनं करणारी डॉक्टर होऊन मेडिकल कॉलेजातच शिकवत राहायचं म्हणते. किती वर्षं लागतील, पैशाचं काय आणि मुलीला हे झेपेल का? मी मुंबईतल्या एका पालिका रुग्णालयात २८ वर्षं हेच करतोय, निवृत्तीला दोन उरलीत.

वर्षांचा हिशेब आधी उरकतो. एमबीबीएस इंटर्नशिपसकट साडेपाच. पुढे दोन वाटा. जुनी म्हणजे नीट पीजी ही प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षं सर्जरीत एमएस, मग नीट एसएस ही पुढची परीक्षा देऊन तीन वर्षं एमसीएच, म्हणजे न्यूरोसर्जरीची पदवी. दुसरी थेट सहा वर्षांची. एम्स, निम्हान्ससारख्या संस्थांत त्यासाठी त्यांची वेगळी परीक्षा, आयएनआय-सीईटी, आणि राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या डीआरएनबी या पदवीच्या जागांना नीट पीजी. बेरीज दोन्हीकडे साडेअकराच. पण एखादा ड्रॉप आणि सरकारी बाँड, म्हणजे शिकून झाल्यावरची सक्तीची सेवा धरली, तर तिशी ओलांडेपर्यंत ती शिकतच असणार. माझं मत विचाराल तर मनाची पक्की असेल तरच सहा वर्षांची वाट. तिथे मधेच सोडलं तर हातात काहीच राहत नाही. एमएस केलेली मुलगी, मन बदललं तरी सर्जन असतेच.

मुलीचं म्हणाल, तर डॉ. टी. एस. कनका यांनी मद्रासला १९६०च्या दशकात न्यूरोसर्जरीचं शिक्षण घेतलं. तेव्हा या विषयात बाई दिसणंच अप्रूप होतं. आज माझ्या युनिटमध्ये दोघी रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर आहेत. इमर्जन्सीच्या दिवशी त्या किती झोपतात ते विचारू नका. मुलगेही तेवढेच झोपतात. लग्न, मूल हे प्रश्न खरे आहेत, नाकारत नाही. पण ते निभावतं की नाही हे युनिटच्या बॉसवर आणि सासरवर ठरतं, विषयावर नाही.

आता मुद्द्याचं. मोठ्या खासगी रुग्णालयातला न्यूरोसर्जन आणि आमच्यासारखा मास्तर, दोघांची ऑपरेशनं तीच. फरक कुठे, तर हात कुणाचे चालतात यात.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सत्तरीचे आजोबा, महिन्यापूर्वी मोरीत पाय घसरून पडलेले. तेव्हा काही झालं नाही, आता चालताना तोल जातो, बोलणं अडखळतं. सीटीत क्रॉनिक सबड्युरल, म्हणजे मेंदूच्या आवरणाखाली जुनं साकळलेलं रक्त. भूल फक्त जागेपुरती. कवटीला भोक पाडायचं. आमच्याकडे अजून हाताने फिरवायचा ड्रिल, हडसन ब्रेस वापरतात. तो रेसिडेंटच्या हातात दिला. त्याचं पहिलंच बर होल, म्हणजे कवटीतलं भोक. मी समोर, हात छातीशी घडी घालून.

हाड म्हणजे दोन पत्रे आणि मधे मऊसर थर. बाहेरचा पत्रा गेला की ब्रेस सैल चालतो, आतल्या पत्र्याशी पुन्हा जड होतो, आणि तो फुटायला लागला की टोक किंचित अडकतं, हात डगमगतो. थांबायचं ते तिथेच. हे पुस्तकात लिहिलेलं असतं, पण मनगटाला कळावं लागतं. पोरगा दर चार फेऱ्यांनी थांबून पाणी मारत होता, आत डोकावत होता. मी ते केव्हाच संपवलं असतं. आजोबा मधेच म्हणाले, "अहो, किती वेळ सुतारकाम?" शेवटी निळसर ड्युरा, म्हणजे मेंदूवरचं आवरण दिसलं, ते चिरलं, आणि इंजिन ऑइलसारखं काळं पाणी बाहेर आलं. दुसऱ्या दिवशी राउंडला आजोबा चहात पाव बुडवून खात होते आणि सिस्टरशी भांडत होते.

त्या वेळात माझे हात शिवशिवत होते, आजही शिवशिवतात. पण हात मागे ठेवायचे, आणि कोणत्या क्षणी पुढे करायचे ते ओळखायचं, हीच आमची नोकरी. चुकलं तर नातेवाइकांसमोर मीच उभा राहतो, रेसिडेंट नाही. ज्याला प्रत्येक केस स्वतःच करायची असते त्याने खासगीत जावं. तो वाईट सर्जन नव्हे, पण इथे तो दुःखी होतो आणि रेसिडेंटांनाही दुःखी करतो.

संशोधनाबद्दल मुलं विचारतात, वेळ कुठे आहे? खरंय, नाहीच. पण रुग्ण आहेत. परळच्या केईएम रुग्णालयात तेव्हा असलेले डॉ. अतुल गोयल यांचंच बघा. मानेचे वरचे दोन मणके एकमेकांवरून सरकलेले रुग्ण तिथे मोठ्या संख्येने येत. ते दोन मणके प्लेट आणि स्क्रूने पक्के करण्याची पद्धत त्यांनी बसवली, आणि १९९४ साली डॉ. लाहेरींबरोबर छापली. पुढे २००१मध्ये जर्मनीच्या हार्म्स यांनी प्लेटऐवजी रॉड वापरून तिच्यात बदल केला. आज जगभर ती गोयल-हार्म्स म्हणून ओळखतात. परळच्या वॉर्डातून हे निघालं ते रोजच्या केसेस नीट बघून, नोंदून, वर्षानुवर्षं मागोवा घेऊन. तेव्हा लेकीला सांगा, आत्तापासून वही ठेव. केस काय, काय केलं, सहा महिन्यांनी रुग्ण कसा आहे. तिसऱ्या रकान्याचा आळस सगळ्यांनाच असतो, माझ्याही जुन्या वह्यांत तो निम्मा कोरा आहे.

पैसा: कॉर्पोरेटच्या मानाने कितीतरी कमी. घर चालतं, गाडी येते, बांद्र्यात फ्लॅट येत नाही. त्याहून त्रासाचं म्हणजे कायम नेमणूक. राज्य सरकारच्या कॉलेजात ती एमपीएससीतून होते आणि जाहिरात कधी निघेल याचा नेम नसतो. मी स्वतः पहिली काही वर्षं मुदतीच्या ऑर्डरवर काढली. मुदत संपली की एक दिवसाचा खंड, पुन्हा नवी ऑर्डर, आणि त्या खंडाच्या दिवशीही ऑपरेशनची यादी लागलेलीच. बढतीला ठरावीक वर्षं आणि शोधनिबंध लागतात. नुसतं वर्षं भरली म्हणून प्राध्यापक होता येत नाही.

आत्ता एकच करा. इंटर्नशिपमध्ये इलेक्टिव्ह पोस्टिंग असतं, त्यात न्यूरोसर्जरी मिळत असेल तर घ्यायला सांगा. नसेल तर ओळखीच्या रेसिडेंटबरोबर एक इमर्जन्सीची रात्र कॅज्युअल्टीत काढू दे, हेल्मेट न घातलेली पोरं येतात ती रात्र, शनिवारची. ओटीत तर कुणालाही भारी वाटतं. पहाटे चारला दर तासाला उठून त्याच बेडवरच्या रुग्णाच्या डोळ्यांच्या बाहुल्यांवर टॉर्च मारताना तिला कसं वाटतं, ते विचारा आणि मग इथे लिहा. पुढचं बोलू.