माझा भाऊ फक्त शनिवार-रविवारी एमडी घेतो. माल 'शुद्ध' असतो आणि 'एमडी म्हणजे मेथ (मेथॅम्फेटामिन) नाही' असं म्हणतो. खरंच एवढा धोका आहे का? घरी सांगू का? पोलिसांची भीती वाटते.

तुमच्या प्रश्नातला 'शुद्ध' हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकला, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. मी कोकणातल्या एका एमआयडीसीत २२ वर्षं प्रॉडक्शन केमिस्ट आहे. आणि माझा सख्खा भाचा पुण्यात शिकत असताना या एमडीच्या, म्हणजे मेफेड्रोन नावाच्या नशेच्या पावडरीच्या नादी लागला होता.

शुद्ध म्हणजे काय ते आमच्याकडे येऊन बघावं. एक बॅच काढायची तर रिअॅक्टरचं, म्हणजे रसायनं शिजवायच्या टाकीचं तापमान तासातासाला बॅचशीटवर लिहावं लागतं. धुणं, गाळणं, सुकवणं झालं की नमुना क्यूसीकडे, म्हणजे गुणवत्ता तपासणाऱ्यांकडे जातो. औषधाच्या मालात एक दशांश टक्क्याच्या आसपास जरी अनोळखी अशुद्धी दिसली तरी बॅच अडकते, आणि ती काय आहे हे शोधेपर्यंत आमची जेवणं लांबतात. आता बंद शेडमध्ये रात्री चोरून माल काढणारा यातलं काय करत असेल? त्याला घाई असते, पकडलं जाण्याची भीती असते. रिअॅक्शन अर्धवट राहिली, सॉल्व्हंट (विरघळवायला वापरलेलं द्रव) पुरतं उडालं नाही, तरी पांढरी पूड निघाली की त्याचं काम झालं. पुढे ती चार हातांतून जाते आणि प्रत्येक हात वजन वाढवायला त्यात काहीतरी मिसळतो. तुमच्या भावाच्या पुडीत काय आहे हे त्याला विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

हे कारखाने दूर कुठे नाहीत. २०१६ साली ठाणे पोलिसांनी सोलापूरच्या एमआयडीसीतून सुमारे साडेअठरा टन इफेड्रिन पकडलं. इफेड्रिन हे मेथचा कच्चा माल. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडीचा कारखाना सापडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीचं नाव आलं. त्या एका तपासात पुणे, दिल्ली, सांगली मिळून दीड टनाहून जास्त एमडी हाती लागलं. या धंद्यात पकडलेल्यांत केमिस्ट्री शिकलेली माणसंही असतात, आणि ते वाचून मला फार लाज वाटते. आमच्या ओळखीच्या एका शेडमालकाकडेही असंच एक गिऱ्हाईक आलं होतं. भाडं दुप्पट, अट एवढीच की मालकाने रात्री फिरकायचं नाही. त्याने नकार दिला. सगळेच देत नाहीत.

अशा शेडमध्ये काम करणाऱ्या पोरांचा विचार कुणी करत नाही, मला मात्र तोच आधी येतो. आमच्याकडे वाफ ओढून घ्यायला स्क्रबर असतो, सांडपाणी शुद्ध करायला ईटीपी असतो, डोळे धुवायला दाराशी आय-वॉश असतो. तिथे तोंडाला रुमाल बांधलेला मुलगा आम्लाचे कॅन उचलतो, आणि खिडक्या वास बाहेर जाऊ नये म्हणून बंद ठेवलेल्या असतात. ज्वलनशील सॉल्व्हंटची वाफ कोंडली की एका ठिणगीत सगळं पेटतं. त्या मुलाला आग लागली तर अग्निशमन दलाला फोन करायलाही कुणी धजणार नाही. उरलेलं पाणी रात्री नाल्यात नाहीतर पडक्या विहिरीत जातं. मेथच्या बाबतीत एक किलो मालामागे पाच-सहा किलो विषारी कचरा निघतो, असा अमेरिकेतला जुना अंदाज आहे. तो जमिनीत मुरतो आणि कुणाच्या तरी बोअरला लागतो.

'एमडी म्हणजे मेथ नाही' असं भाऊ म्हणतो, असं तुम्ही लिहिलंय. बरोबर आहे, एमडी म्हणजे मेफेड्रोन. पण दोघांची रासायनिक ठेवण सख्ख्या चुलतभावंडांसारखी आहे. दोन्ही मेंदूतलं डोपामिन, म्हणजे आनंदाची भावना देणारं रसायन, एकदम उधळतात. हृदयाचे ठोके, रक्तदाब, अंगातली उष्णता, सगळं वर जातं. झोप आणि भूक मरते. मेथचा अंमल दहा-बारा तास टिकू शकतो, एमडीचा दोन-तीन तासांत उतरतो. हा फरक ऐकायला दिलासा देणारा वाटतो, पण घात तिथेच आहे. लवकर उतरतं म्हणून माणूस एका रात्रीत पुन्हा पुन्हा ओढतो. शनिवारची एक पुडी रविवारी पहाटे तीन होतात.

जागं राहण्यासाठी घेतलेल्या या पदार्थांनी काय होतं हे जपानने आधी भोगलंय. मेथ पहिल्यांदा तयार झालं तेच तिथे, १८९३ साली, इफेड्रिनपासून. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना आणि कारखान्यातल्या कामगारांना थकवा येऊ नये म्हणून ते दिलं गेलं. युद्ध संपल्यावर साठे बाजारात आले, व्यसन घराघरात पसरलं, आणि १९५१ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. आपल्याकडे एमडी एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आलं फेब्रुवारी २०१५ मध्ये. तोवर पकडलं तरी पोलिसांचे हात बांधलेले असत.

आता भाच्याबद्दल. तोही 'फक्त वीकेंडला' म्हणायचा. पहिल्यांदा लक्षात आलं ते त्याचं दात खाणं. गप्पा मारताना जबडा सतत हलत असायचा. मग नाकातून रक्त यायला लागलं, तो म्हणाला उष्णता झालीय, आणि माझ्या बहिणीने त्याला सब्जाचं पाणी दिलं. दिवाळीला आला तेव्हा अकरा किलो कमी झाला होता. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी, खोलीच्या खिडकीला वर्तमानपत्र. समोरच्या बिल्डिंगमधली माणसं आपलं बोलणं रेकॉर्ड करतात, असं त्याने मला कानात सांगितलं. हातावर किडे चालतात म्हणून खाजवून खाजवून जखमा केल्या होत्या. मी त्याच्याशी वाद घातला, ही माझी चूक. त्या अवस्थेत समजूत घालून काही होत नाही, मानसोपचारतज्ज्ञच लागतो.

भावाच्या छातीत दुखलं, अंग भट्टीसारखं तापलं, झटका आला किंवा तो असंबद्ध बोलू लागला, तर रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करा. येईपर्यंत त्याला गार जागी ठेवा, ओल्या फडक्याने अंग पुसा. 'झोप येईल' म्हणून दारू किंवा झोपेची गोळी घरच्या घरी देऊ नका. डॉक्टरांना काय घेतलंय ते स्पष्ट सांगा. 'काहीतरी चुकीचं खाल्लं असेल' असं सांगण्यात वेळ जातो आणि उपचार चुकतात.

बंद केल्यावरचे पहिले काही दिवस वेगळेच असतात. भाचा पाच दिवस जवळपास झोपूनच होता, उठला की अधाशासारखं जेवायचा, मग रडायचा. त्या दिवसांत मन इतकं खचतं की आत्महत्येचा धोका असतो. एकटं सोडू नका. या व्यसनावर खात्रीचं असं औषध अजून नाही. समुपदेशन, घरच्यांचा सहभाग आणि नियमित तपासण्या हाच रस्ता आहे. तो लांबचा आहे, भाचा एकदा घसरलाही, पण आज तो तीन वर्षं स्वच्छ आहे. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करतंय. सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाईन १४४४६ आहे, फुकट आहे, नाव सांगायची सक्ती नाही. तिथे आधी तुम्ही बोला, भाऊ तयार नसला तरी.

पोलिसांची भीती वाटते असं तुम्ही लिहिलंय. ५० ग्रॅमहून जास्त एमडी जवळ सापडलं की किमान दहा वर्षं सक्तमजुरी आहे, आणि मित्रासाठी 'जरा ठेव' म्हणून बॅगेत ठेवलेलंही त्यात मोजलं जातं. हे भावाला नीट सांगा. पण त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे. स्वतः घेण्यापुरतं जवळ असलेला व्यसनी माणूस आपणहून उपचाराला गेला आणि तो पूर्ण केला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. नेमकं तुमच्या बाबतीत काय, ते वकिलाला विचारा.

राहिलं घरी सांगायचं. माझ्या बहिणीला सगळं माहीत झाल्यावर तिने सात महिने भावजींपासून लपवलं. 'ते मारतील, शिक्षण बंद करतील' या भीतीने. त्या सात महिन्यांत तो वीकेंडवरून रोजवर गेला आणि तिच्या दोन पाटल्या आणि बिलवर गहाण पडले. तुम्ही एकट्याने हे ओझं वाहू नका. आई-बाबांना दोघांना एकत्र बसवून सांगा, भाऊ समोर नसताना, आणि त्याआधी १४४४६ वर बोलून घ्या, म्हणजे बाबांनी 'आता करायचं काय' विचारलं की तुमच्याकडे उत्तर असेल. शक्यतो येत्या शनिवारच्या आत.